कुलूप मालकाच्या खिशात

ओहायो राज्यातून इंटरस्टेट ७० नावाचा मोठा हमरस्ता जातो. त्याच्यावरच्या विजेच्या फलकांवर एरवी ‘पुढे काम चालू आहे’, ‘वेग कमी करा’ असल्या सूचना झळकतात. १८ ऑक्टोबर २०११ च्या रात्री झेन्सव्हिल गावाजवळ त्याच फलकांवर वाहनचालकांना वेगळाच मजकूर दिसला: परदेशी प्राणी मोकळे आहेत, सावध राहा, गाडीतून उतरू नका.

मंगळवारचा दिवस होता. संध्याकाळी पाचच्या सुमाराला शेजारच्या एका घरातून पोलिसांना फोन गेला. घोडे उधळलेत, त्यांच्या मागे अस्वल आहे आणि कुंपणाजवळ सिंह उभा आहे. फोन घेणाऱ्याला ही थट्टा वाटायला हवी होती, पण तशी वाटली नाही. कारण त्या रस्त्यावरच्या ७३ एकरांच्या शेतात वाघ-सिंह पाळलेले आहेत हे मस्किंगम परगण्याच्या शेरीफच्या कचेरीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. २००४ पासून त्या शेताबद्दल तीसहून अधिक तक्रारी आल्या होत्या. जनावरं मोकळी फिरतात, जनावरं उपाशी आहेत, अशा. मालकाला पूर्वी प्राण्यांच्या छळाबद्दल शिक्षाही झाली होती.

पोलीस पोचले तेव्हा पिंजरे उघडे होते. काहींच्या जाळ्या पकडीने कापलेल्या होत्या, म्हणजे एखादा प्राणी परत आत गेलाच तरी त्याला कोंडता येऊ नये. मालकाने हे केलं आणि मग स्वतःवर गोळी झाडून घेतली. तो ६२ वर्षांचा होता. बेकायदा शस्त्रं बाळगल्याबद्दल वर्षभर तुरुंगात राहून तीनच आठवड्यांपूर्वी सुटून आला होता, करांची मोठी थकबाकी डोक्यावर होती, बायको घर सोडून गेली होती. शेतावर एकूण ५६ प्राणी होते. त्यांतले १८ पट्टेरी वाघ, १७ सिंह. बाकी अस्वलं, प्यूमा, लांडगे, बिबटे, माकडं. कुठल्याही मोठ्या शहराच्या प्राणिसंग्रहालयाला पुरून उरेल एवढा हा संग्रह एका माणसाच्या हौसेवर आणि एका माणसाच्या किल्ल्यांवर चालला होता.

शेरीफ मॅट लुट्झ यांच्यापुढे हिशेब सोपा होता आणि भयंकर होता. अंधार पडायला दोन तासही उरले नव्हते. शेताला लागून वस्ती, पलीकडे हमरस्ता. वाघ पकडण्याचं प्रशिक्षण त्यांच्या शिपायांना कुणी दिलेलं नव्हतं. हाताशी होती ती पिस्तुलं आणि रायफली. त्यांनी शेताबाहेर पडणारा प्राणी दिसताक्षणी ठार करण्याचा हुकूम दिला. काही शिपायांनी वाघाला अवघ्या काही पावलांवरून गोळी घातली. दुसऱ्या दिवशी परिसरातल्या शाळा बंद राहिल्या, लोक घरांतून बाहेर पडले नाहीत. शेवटी ५६ पैकी सहाच प्राणी जिवंत उरले: तीन बिबटे, दोन माकडं आणि एक ग्रिझली अस्वल. मेलेल्या वाघ-सिंहांची रांग चिखलात ओळीने मांडलेली असतानाचं छायाचित्र जगभर गेलं. त्या सगळ्यांना तिथेच, त्याच शेतात खड्डा खणून पुरण्यात आलं. माणूस मात्र एकही दगावला नाही, जखमीही झाला नाही, आणि त्याचं श्रेय त्या कठोर हुकमाला द्यावंच लागतं.

जगभरातून लुट्झ यांच्यावर शिव्यांचा भडिमार झाला. बेशुद्ध करून पकडलं का नाही, हा सगळ्यांचा प्रश्न. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रश्न पटकन सुचेल, कारण वन विभागाने बिबट्या ‘जेरबंद’ केल्याच्या बातम्या आपण दर आठवड्याला वाचतो. पण त्या बातमीमागे काय असतं ते बघितलं तर प्रश्नाचं उत्तर मिळतं. डार्ट मारण्याआधी प्राण्याचं वजन अंदाजावं लागतं, त्यावर औषधाचं प्रमाण ठरतं. कमी पडलं तर तो पेंगत नाही, नुसता चिडतो, जास्त झालं तर श्वास थांबतो. सुई मांसल भागातच बसायला हवी, आणि त्यासाठी बऱ्यापैकी जवळ जावं लागतं. सुई बसल्यावर सिनेमातल्यासारखा प्राणी जागच्या जागी कोसळत नाही. औषध भिनायला कित्येक मिनिटं जातात आणि तेवढ्या वेळात तो पळतो, लपतो किंवा उलट अंगावर येतो. म्हणून आपल्याकडे आधी बिबट्याला घरात, विहिरीत, गोठ्यात नाहीतर मोरीत अडकवतात, गर्दी मागे हटवतात, आणि मग माणिकडोहसारख्या निवारा केंद्रातला अनुभवी पशुवैद्य निवांतपणे नेम धरतो. निदान धरू पाहतो. आपल्या गर्दीचा उत्साह सगळ्यांना माहीत आहे. झेन्सव्हिलमध्ये वेगवेगळ्या दिशांना पांगलेली डझनावारी मोठी जनावरं होती आणि मावळता दिवस होता. डार्ट लागलेला वाघ अंधारात झाडीत शिरला तर तो बेशुद्ध झालाय की नुसता दबा धरून बसलाय हे बघायला कुणी जायचं? पशुवैद्यांनी नंतर एका वाघावर हा प्रयोग केलाही. सुई बसताच तो उसळून अंगावर आला आणि त्याला गोळी घालावी लागली. ओहायोतले प्रसिद्ध प्राणितज्ज्ञ जॅक हॅना हयातभर टीव्हीवर प्राण्यांची बाजू मांडत आलेले. त्यांनीही शेरीफचीच बाजू घेतली.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, ती बऱ्याच जणांना उलटी वाटते. पाळलेला वाघ जंगली वाघापेक्षा कमी धोक्याचा असेल असा आपला समज असतो. बाटलीने दूध पाजलेला, अंगाखांद्यावर खेळलेला तो. पण जंगली जनावराकडे एक फार मोलाची गोष्ट असते: माणसाची भीती. जुन्नर-शिरूरच्या उसात वाढलेले बिबटे माणसांवर हल्ले करतात हे खरं, तिथल्या लोकांनी त्याची किंमत मोजली आहे. तरीही बहुतेक बिबटे रोज माणसाची चाहूल लागली की वाट बदलतात, म्हणून तर इतक्या दाट वस्तीत ते टिकून आहेत. पिंजऱ्यात जन्मलेल्या वाघाची ही भीती पिल्लूपणीच मोडलेली असते. त्याच्या लेखी माणूस म्हणजे जेवण घेऊन येणारं कुणीतरी. असा वाघ सुटल्यावर रानाकडे जाईलच असं नाही, तो घरांकडे येतो. तिथे जेवण यायला उशीर झाला, कुणी किंचाळून पळू लागलं, एखादं मूल खाली वाकलं, की पुढचं काम त्याच्या रक्तातल्या सवयी करतात. माणसाळणं आणि पाळीव होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुत्रा हजारो पिढ्यांच्या निवडीतून पाळीव झाला. वाघाचं पिल्लू एका पिढीत फार तर माणसाळतं, आणि तेही वयात येईपर्यंत.

वयात येईपर्यंत, हे महत्त्वाचं. वाघ पाळण्याच्या धंद्याचं सगळं गणित पिल्लावर चालतं. पिल्लू गोंडस असतं, त्याच्याबरोबर फोटो निघतात, फोटोचे पैसे मिळतात. अमेरिकेत वर्षानुवर्षं रस्त्याकडेच्या खासगी प्राणिसंग्रहालयांचा हाच व्यवसाय होता. २०२० साली नेटफ्लिक्सवरच्या ‘टायगर किंग’ या मालिकेमुळे तो जगाने पाहिला. पिल्लू काही महिन्यांत अंगावर घेण्यापलीकडे जातं. मग त्याला रोज पाच-सहा किलो मांस, पक्का पिंजरा, पशुवैद्य, आणि हे सगळं पुढची पंधरा-वीस वर्षं. इतक्या काळात माणसाच्या आयुष्यात काय काय होतं! नोकरी जाते, घटस्फोट होतो, आजारपण येतं, तुरुंगवारीही घडते. पिंजऱ्याचं दार भक्कम असतं की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. खरं कुलूप मालकाच्या खिशात असतं, आणि मालक ढासळला तर त्याच्या जागी यायला कुणी नेमलेलं नसतं.

आपल्या संस्थानिकांनीही हिंस्र जनावरं पाळली. कोल्हापूर दरबारात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते होते, हिंदुस्थानातले कमी झाले तेव्हा आफ्रिकेतून आणवलेले. पण एकेका चित्त्यामागे पिढीजात चित्तेवान होता, मदतनीस होते, खर्चाला दरबार होता. राजा गेला तरी पागा आणि फीलखाना चालू राहत. ती व्यवस्था न्याय्य होती असं म्हणायचं नाही. एवढंच की जनावराचा भार एका माणसाच्या मनःस्थितीवर टांगलेला नव्हता.

टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहराचा किस्सा याच्या दुसऱ्या टोकाचा, जवळजवळ विनोदी. ९ मे २०२१, रविवारची संध्याकाळ. चांगल्या वस्तीतल्या एका घरासमोरच्या हिरवळीवर पट्टेरी वाघ फिरताना दिसला. गळ्यात पट्टा. शेजारी राहणारा एक पोलीस अधिकारी, त्या दिवशी सुट्टीवर असलेला, पिस्तूल रोखून उभा आहे आणि एक माणूस ‘मारू नका’ म्हणत वाघाला आत ओढतो आहे, असं दृश्य लोकांनी मोबाइलवर टिपलं. पोलीस येईपर्यंत वाघाला पांढऱ्या गाडीत घालून तो माणूस पसार झाला. पुढचा जवळपास आठवडाभर अमेरिकेतलं चौथ्या क्रमांकाचं शहर एका वाघाला शोधत होतं. तो नऊ महिन्यांचा होता आणि त्याचं नाव होतं ‘इंडिया’. ह्यूस्टन शहरात वाघ पाळायला बंदी होती. टेक्सास राज्यात मात्र अटी पाळून पाळता येत होता. वाघाला अर्थातच वेस कुठे संपते हे कळत नाही. अखेर तो सुखरूप सापडला आणि ब्लॅक ब्यूटी रँच नावाच्या अभयाश्रमात गेला. नशीब बलवत्तर, एवढंच म्हणायचं. तो हिरवळीवर होता तेव्हा शेजारचं पोर सायकल घेऊन बाहेर आलं असतं तर हा किस्सा मी विनोदी म्हटला नसता.

मोठी जनावरं दिसतात तरी. लहान दिसतच नाहीत. नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहरात जून २०२१ मध्ये एका घराच्या ओसरीवर साप दिसला. प्राणी नियंत्रण विभागाचा माणूस आला तर सापाने फणा काढला. झीब्रा कोब्रा, आफ्रिकेतला विष थुंकणारा नाग. रॅलीत नाग कुठून आला? जवळच राहणाऱ्या एका तरुणाने तळघरात सत्तरहून अधिक साप पाळले होते, त्यांतले बरेच विषारी. त्यांतला हा एक आदल्या नोव्हेंबरातच निसटला होता. सात महिने तो मोकळा होता आणि मालकाने कुणालाही कळवलं नाही. कळवायचं म्हणजे पाळलेले सगळे साप उघड करायचे, लोकांच्या शिव्या खायच्या, कदाचित सापही गमवायचे. नंतर न कळवल्याचा गुन्हा त्याने कबूल केला. पण त्याच वर्षी मार्चमध्ये काय झालं होतं ते अधिक बोलकं आहे. याच तरुणाला त्याचाच ग्रीन माम्बा चावला होता. त्यावरचं प्रतिविष गावातल्या कुठल्या इस्पितळात असणार? ते शेजारच्या साउथ कॅरोलिना राज्यातल्या रिव्हरबँक्स प्राणिसंग्रहालयातून आणवावं लागलं. तो वाचला. समजा चावा शेजाऱ्याला बसला असता, आणि कुठला साप चावला हेच कुणाला ठाऊक नसतं, तर डॉक्टरांनी काय मागवलं असतं?

झेन्सव्हिलनंतर ओहायोने कायदा केला. तोवर तिथे वाघ पाळण्यावर राज्याचं जवळजवळ काहीच बंधन नव्हतं. आधीच्या गव्हर्नरांनी पद सोडताना जानेवारी २०११ मध्ये तात्पुरता मनाई हुकूम काढला होता, तो एप्रिलमध्ये संपू दिला गेला आणि ऑक्टोबरात हे घडलं. वाचलेले पाच प्राणी (एक बिबट्या मध्यंतरी प्राणिसंग्रहालयात दार अंगावर पडून जखमी होऊन मेला) मे २०१२ मध्ये मालकाच्या विधवेला परत द्यावे लागले, कारण अडवायला आधार नव्हता. जूनमध्ये गव्हर्नर जॉन केसिक यांनी नव्या कायद्यावर सही केली. आहेत त्या प्राण्यांची नोंदणी करा, मायक्रोचिप बसवा, विमा उतरवा, नवे घेऊ नका. मालक कोर्टात गेले; अपील कोर्टाने २०१४ मध्ये कायदा कायम ठेवला. जप्त केलेली जनावरं ठेवायला राज्याला रेनॉल्ड्सबर्ग इथे खास पिंजऱ्यांची इमारत उभारावी लागली. देशपातळीवर मोठ्या मांजरकुळातले प्राणी खासगीत बाळगण्याला बंदी यायला मात्र डिसेंबर २०२२ उजाडला. ब्रिटनने असे धोकादायक प्राणी खासगीत बाळगायला परवाना सक्तीचा करणारा कायदा १९७६ सालीच केला होता. ज्या देशात १९६९ साली लंडनच्या हॅरॉड्स दुकानातून सिंहाचा छावा विकत मिळाला होता, त्याला हे सुचायला सात वर्षं लागली. अमेरिकेला किती लागली, वाचकांनीच मोजावं.

काही वेळा सुटलेले प्राणी माणसांना सरळ भिडत नाहीत, नुसते वाढतात. फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत पाळलेले बर्मी अजगर सोडले गेले, सुटले. १९९२ च्या अँड्र्यू वादळात अजगरांचं एक पैदास केंद्रही उद्ध्वस्त झालं. वीस वर्षांनी शास्त्रज्ञांनी मोजणी केली तेव्हा रस्त्यांवर दिसणारे रॅकून आधीच्या तुलनेत ९९ टक्क्यांनी घटलेले होते. कोलंबियात तर याहून अजब प्रकार. अमली पदार्थांचा सम्राट पाब्लो एस्कोबार याने १९८० च्या दशकात आपल्या हासिएन्दा नापोलेस या इस्टेटीवर खासगी प्राणिसंग्रहालय उभारलं, त्यात चार पाणघोडे होते. १९९३ साली तो मारला गेला. झेब्रे, जिराफ इकडे तिकडे हलवले. दीड-दोन टनांचे पाणघोडे हलवायला कुणी धजेना, ते तिथेच राहिले. आता मॅग्डालेना नदीच्या खोऱ्यात त्यांची संख्या दीडशेवर गेली आहे. २००९ मध्ये त्यांतल्या पेपे नावाच्या एकाला सैनिकांनी गोळी घातली, कलेवराबरोबर फोटो काढले, आणि जनता इतकी भडकली की मारण्याचा पर्याय बरीच वर्षं बंदच राहिला. २०२३ मध्ये त्यांपैकी साठेक पाणघोडे गुजरातेतल्या जामनगरच्या प्राणिकेंद्रात पाठवण्याची योजना कोलंबियात जाहीर झाली होती. एका तस्कराच्या हौसेचा निकाल लावायला अर्ध्या पृथ्वीपलीकडचा पत्ता लागावा!

आपल्याकडे वाघ-सिंह कुणी घरात पाळत नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची दहशत आहे. पण तो कायदा मुळात भारतीय प्राण्यांसाठी लिहिलेला. पोपटाचं पिल्लू बाळगलं तर वनखातं दारात येणार, आणि दक्षिण अमेरिकेचा मकाव किंवा आफ्रिकेचा बॉल पायथन मात्र दुकानात राजरोस, अशी अनेक वर्षं स्थिती होती. जून २०२० मध्ये केंद्राने परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना स्वतःहून माहिती द्यायला सांगितलं. मुदतीत दिली तर कागदपत्रं मागणार नाही, अशी सवलत. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यात नवी चौथी अनुसूची आली आणि २०२४ च्या नियमांनी ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी बंधनकारक झाली. पाऊल योग्य आहे. मात्र ही अनुसूची ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांवर बेतलेली आहे, आणि त्या याद्या विचारतात ते हे की व्यापारामुळे या प्राण्याला धोका आहे का. प्राण्यापासून शेजाऱ्याला धोका आहे का, हा प्रश्न तिथे कुणी विचारलेलाच नाही. त्यामुळे कासवाची नोंद करावी लागते आणि जगातल्या अनेक जहाल विषारी सापांचं यादीत नावच नाही.

हे कागदावरचं भांडण वाटत असेल तर मुंबई विमानतळावर चला. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांतून कस्टमचे अधिकारी अलीकडे सातत्याने प्राणी बाहेर काढत आहेत: गिबन, कासवं, सरडे, साप. १ जून २०२५ च्या सुमारास थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाकडे ४४ इंडोनेशियन पिट वायपर, तीन स्पायडर-टेल्ड हॉर्न्ड वायपर आणि पाच कासवं सापडली. जिवंत, विषारी, चेक-इनच्या सामानात. हाफकिनसह भारतात जे प्रतिसर्पविष बनतं ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर. आपली प्राथमिक आरोग्य केंद्रं, सर्पमित्र, डॉक्टर सगळ्यांची तयारी त्या चौघांसाठी आहे, आणि तीच अजून सगळीकडे पुरी पडत नाही. त्या ४४ सापांतला एखादा ठाण्यातल्या कुणाच्या काचपेटीतून निसटून खालच्या मजल्यावरच्या बाल्कनीतल्या कुंडीत गेला असता, तर चावलेल्या माणसाला देण्यासारखं नेमकं औषध देशात नव्हतं. हिरवा, हातभर लांबीचा, पानांत सहज लपणारा साप. चोरून आणलेला असल्यामुळे मालक तोंड उघडणार नाही, आणि सर्पमित्र बघून म्हणणार, ‘चापडा दिसतोय.’

पकडलेले प्राणी बहुधा ज्या विमान कंपनीने आणले तिच्याच खर्चाने, आले त्या देशात परत पाठवतात. न पकडलेल्यांची नोंद ‘परिवेश’वर होत नाही.